नाट्यगृहातली एक रांग कंपनांसाठी

मे महिन्यात पारोळा तालुक्यात नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. हळदीच्या रात्री डीजे सुरू झाला तशी मांडवालगतच्या घरातल्या मांडणीवरची स्टीलची ताटे एकमेकांवर वाजू लागली आणि एक तांब्या घरंगळून खाली आला. मोठी माणसे कानांत बोटे घालून ओट्यावर बसली होती. माझ्या मावसबहिणीचा अकरा वर्षांचा मुलगा मात्र बेसच्या खोक्याला चिकटून उभा होता. डावा तळहात खोक्याच्या लाकडावर, उजवा स्वतःच्या छातीवर, आणि चपला त्याने मुद्दाम काढून बाजूला ठेवलेल्या. हा मुलगा जन्मापासून कर्णबधिर आहे. गाणे बदलले की त्याच्या मानेची लय बदलत होती आणि तीही नेमकी मात्रेवर. त्याला तिथून ओढून आणायला निघालेल्या बापाला त्याची आजी म्हणाली, "ऱ्हाऊ दे, हाऊ पोऱ्या पायघाईच ऐकस." (राहू दे, हा पोरगा पायांनीच ऐकतो.)

आजीचे बोलणे कौतुकाचे होते, पण शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही त्यात खोट काढता येत नाही. संगीताचा एक हिस्सा कातडीतून पोहोचतो, आणि तो जाणीवपूर्वक पोहोचवणारी साधने गेल्या काही वर्षांत बाजारात स्थिरावली आहेत. पाठीला बांधायचे पट्टे आहेत, अंगात घालायची जाकिटे आहेत, खुर्चीच्या बुडाशी बसवायचे कंपक, म्हणजे आवाजाचा थरथराट करणारी छोटी यंत्रे, आहेत, आणि 2024 मध्ये अ‍ॅपलने आयफोनमध्ये दिलेली, गाण्याच्या ठेक्याबरोबर फोन हातात थरथरवणारी सोयही आहे. माझे म्हणणे असे की ही साधने होम थिएटरच्या आणि गेम खेळणाऱ्यांच्या खोल्यांत अडकून राहू नयेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या सार्वजनिक नाट्यगृहांत आणि कर्णबधिर मुलांच्या शाळांत ती सार्वजनिक पैशातून बसवली जावीत. ही मागणी भावनेच्या भरात केलेली वाटू नये म्हणून थोडे तपशिलात जावे लागेल.

निरोगी तरुण कानाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचे, म्हणजे सेकंदाला इतक्या कंपनांचे, आवाज ऐकू येतात. कातडीची धाव त्यामानाने फार तोकडी, वरच्या बाजूला हजारेक हर्ट्झपर्यंत. पण त्या मर्यादेत तिची संवेदना थक्क करणारी आहे. तळहातात आणि तळपायात खोलवर कांद्यासारख्या थराथरांच्या सूक्ष्म स्पर्शकणिका असतात. 19व्या शतकात फिलिपो पाचिनी या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. सुमारे 250 हर्ट्झच्या आसपास या कणिका सर्वाधिक जाग्या असतात आणि तिथे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी हालचाल त्यांना कळते. डग्ग्याचा घुमारा, पखवाजाची धुमाळी, पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज, बँडमधल्या मोठ्या ढोलाचा ठोका हे सारे कातडीच्या टापूत येते. 2001 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डीन शिबाटा यांनी मेंदूची छायाचित्रे काढून दाखवले की कर्णबधिर माणसाच्या हाताला कंपन दिले असता, ऐकणारा माणूस ज्या भागाने आवाज ओळखतो तो मेंदूचा भागही त्याच्याकडे कामाला लागतो. त्या रात्री खोक्याला टेकलेल्या मुलाच्या डोक्यात काय चालले असेल, याची यावरून थोडीफार कल्पना येते.

आता डीजेविषयी. आपल्याकडे हा विषय निघाला की चर्चा डेसिबलवर जाते आणि तिथेच अडते. खोक्यावरचा बेस वाढवून मागणाऱ्या पोरांना कानात काही जास्त हवे असते असे मला वाटत नाही. त्यांना तो छातीत हवा असतो, पोटात हवा असतो. ही भूक स्पर्शाची आहे. पण ती भागवण्यासाठी आपण हवेचे माध्यम वापरतो आणि त्या कामी हवेइतके उधळे माध्यम दुसरे नाही. एका माणसाची छाती थरथरावी म्हणून सगळ्या गल्लीतली हवा हलवावी लागते. तिच्यासोबत तान्ही मुले, हृदयरोगी म्हातारे, गोठ्यातल्या म्हशी आणि मांडणीवरचे तांबे सगळेच हलतात. त्यात मोजमापाचीही एक मेख आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, पण ती 'ए' पट्टीवर मोजायची असते. ही पट्टी कानाच्या स्वभावाला धरून बेतलेली असल्यामुळे कमी कंपनसंख्येचा आवाज ती कमी धरते, 63 हर्ट्झला तर सुमारे 26 डेसिबलनी. म्हणजे त्या कंपनसंख्येचा 100 डेसिबलचा धक्का मीटरवर 74च्या आसपास दिसतो. मर्यादा तेव्हाही ओलांडलेली असतेच, पण अंगाला बसणारा मार आणि कागदावरचा आकडा यांत केवढी दरी राहते ते यावरून कळावे. हाच ठोका लाकडाच्या फळीतून थेट पायाला दिला, तर हजारो वॅटचे काम वीस-पंचवीस वॅटमध्ये होते आणि शेजारच्या घरात त्याचा पत्ताही लागत नाही.

रस्त्यावरची वरात यामुळे शांत होईल, अशा भ्रमात मी नाही. चालत्या माणसाच्या पायाखाली फळी कोण धरणार? बंदिस्त मंगल कार्यालयाच्या नाचण्याच्या जागेत मात्र हा विचार करण्यासारखा आहे. पण तो पुढचा भाग झाला. माझा मूळ मुद्दा ज्यांच्यासाठी संगीताची दुसरी वाटच नाही त्यांच्याविषयीचा आहे.

ही वाट नवी नाही. 1924च्या फेब्रुवारीत अंध आणि बधिर असलेल्या हेलन केलर यांनी न्यूयॉर्क सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवलेली बेथोवेनची नववी सिंफनी घरच्या रेडिओवर 'ऐकली', ती रेडिओच्या कंप पावणाऱ्या पडद्यावर बोटे टेकवून. वाद्यांचा मेळ आणि गाणाऱ्यांचे आवाज आपल्याला वेगवेगळे जाणवले, असे त्यांनी ऑर्केस्ट्राला पत्र लिहून कळवले. ज्याने ती रचना केली तो स्वतःही तिच्या पहिल्या प्रयोगाच्या वेळी, म्हणजे 1824 मध्ये, जवळजवळ पूर्ण बहिरा झालेला होता. आपल्या काळातले उदाहरण इव्हलिन ग्लेनी यांचे. स्कॉटलंडच्या या तालवादक बाई वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ सगळे ऐकणे गमावून बसल्या, आणि तरी 2012च्या लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनात वादकांच्या ताफ्याचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. त्या अनवाणी वाजवतात, कारण रंगमंचाची फळी त्यांना काय वाजते आहे ते सांगते. मांडवातल्या त्या मुलाने चपला काढल्या होत्या त्याही याचसाठी, आणि त्याला हे कोणी शिकवलेले नव्हते.

खान्देशाला तर हे परके वाटण्याचे काहीच कारण नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीला सातपुड्यातून उतरलेले नाचणारे कमरेला वाळके भोपळे आणि घुंगरू बांधतात. मोठा ढोल वाजू लागला की त्यांची कंबरच वाद्य होते, आणि ते वाद्य बाहेर ऐकू येते त्याहून अधिक अंगात वाजते. भजनात टाळ धरणाऱ्याला विचारा, टाळाची झणकार आधी कुठे कळते. तो मनगट दाखवील.

तरीही या तंत्राची बढाई मारणाऱ्यांपासून सावध राहिले पाहिजे. 'बहिऱ्यांना ऐकू येऊ लागले' अशा मथळ्याच्या चित्रफिती फिरतात, त्या दिशाभूल करणाऱ्या आहेत. कानाला दोन स्वरांतला एक टक्क्याहून कमी फरकही कळतो; कातडीला तोच फरक कळायला साधारण वीस ते तीस टक्क्यांचे अंतर लागते. षड्ज आणि शुद्ध रिषभ यांच्या कंपनसंख्येत साडेबारा टक्क्यांचे अंतर असते, म्हणजे तळहातावर एकाच जागी 'सा' आणि 'रे' पाठोपाठ दिले तर ते वेगळे म्हणून ओळखणे अवघड. मग भीमपलास आणि बागेश्री या रागांतला भेद कातडीने ओळखावा ही अपेक्षाच चुकीची. यावर थोडा तोडगा टोरोंटोच्या तेव्हाच्या रायर्सन (आता टोरोंटो मेट्रोपॉलिटन) विद्यापीठातल्या संशोधकांनी काढला. त्यांनी तयार केलेल्या खुर्चीत खालचे स्वर पाठीच्या खालच्या भागाला आणि वरचे स्वर वरच्या भागाला, अशी वाटणी केली. आपल्या अंतर्कर्णातल्या शंखाकृती नळीतही वेगवेगळ्या स्वरांना वेगवेगळ्या जागा नेमून दिलेल्या असतात, त्याच तत्त्वावर. स्वर जाणवण्याऐवजी स्वराची जागा जाणवते. हे पुष्कळ आहे, पण गायकीचा आस्वाद म्हणून ते विकणे अप्रामाणिकपणाचे होईल.

जे पोहोचते ते मात्र अस्सल पोहोचते, आणि इथे आपले संगीत पाश्चात्त्य संगीतापेक्षा या माध्यमाला जास्त अनुकूल आहे असे माझे मत झाले आहे. तीनतालाचा ठेका घ्या. सोळा मात्रांपैकी बहुतेक मात्रांवर डग्गा घुमत असतो. नवव्या मात्रेला 'खाली', म्हणजे तालाचा हलका भाग, येते आणि तिच्यानंतर तिन तिन ता, ता असे चार मात्रे डग्गा गप्प होतो, फक्त उजवा तबला वाजतो. मग धिन धिन धा म्हणत तो परत येतो आणि समेची, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, चाहूल लागते. कानाने ऐकणारा नवखा माणूस ही खाली हमखास चुकतो, कारण तबल्याचे बोल चालूच असतात. फळीवर तळवे टेकवून बसलेल्याला ती चुकवताच येत नाही. पायाखालची जमीन चार पावले नाहीशी होते आणि पुन्हा हाताशी येते. भरी आणि खाली या कल्पना आपल्या तालशास्त्राने वजनाच्या भाषेत मांडल्या आहेत, आणि वजन हा स्पर्शाचाच विषय आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. लग्नाहून परतल्यावर एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला गाठून चार फूट बाय तीन फूट प्लायवूडच्या फळीखाली एक कंपक बसवून घेतला. वायर, छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि चार रबरी पाय धरून खर्च काही हजारांत भागला. पहिला प्रयोग फसला. मी फोनवर ढोलकीवादनाची चित्रफीत लावली आणि फळीला आवाज ब्लूटूथने दिला. मुलगा फळीवर बसला, पाच-सात सेकंद पडद्याकडे पाहिले आणि कपाळाला आठ्या घालून उठला. काय बिघडले ते मला कळेना, कारण माझ्या कानाला सगळे ठीक होते. त्याने मग खुणेने दाखवले: आधी हवेत थाप मारली आणि क्षणभर थांबून मांडीवर. ब्लूटूथमध्ये आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे पडतो. मी पडद्याकडे न पाहता नुसते ऐकत होतो म्हणून मला ते जाणवले नाही, त्याला मात्र वादकाचा हात पडताना दिसत होता आणि ठोका उशिरा पोहोचत होता. साधी वायर जोडली तेव्हा तो पुन्हा बसला, पायमोजे काढले, आणि अ‍ॅम्प्लिफायरचे बटण माझ्या हातून काढून स्वतःजवळ ठेवले. त्याच खोलीत माझी मावशी बातम्या पाहत होती. तिला या सगळ्याचा काडीचा त्रास झाला नाही.

या छोट्या फजितीतून दोन गोष्टी लक्षात आल्या, आणि सार्वजनिक खरेदी करणाऱ्यांनी त्या ध्यानात ठेवाव्यात. बिनतारी आणि चकचकीत ते चांगले, हा समज इथे उलटा पडतो. दुसरे म्हणजे साधन बरोबर चालते की नाही हे ऐकणाऱ्या माणसाने ठरवू नये. आपल्याकडे दिव्यांगांच्या नावाने होणाऱ्या खरेदीत नेमके हेच होते: निवड ऐकणारे करतात, उद्घाटन ऐकणारे करतात, आणि वर्षभराने ती वस्तू कपाटात धूळ खात असल्याचे ज्यांच्यासाठी घेतली त्यांनाच ठाऊक असते. माझ्या माहितीतल्या एका निवासी शाळेत देणगीतून आलेले मोठे ध्वनिक्षेपक मी स्वतः पाहिले आहेत. मुले त्यांच्यावर दप्तरे ठेवतात.

आक्षेप अनेक आहेत आणि त्यांतला पहिला मला सर्वात वजनदार वाटतो. ज्या मुलांना धड खुणांची भाषा शिकवणारे शिक्षक मिळत नाहीत, ज्यांच्या श्रवणयंत्राची बॅटरी संपली तर तालुक्याच्या गावाला खेप घालावी लागते, त्यांच्यासाठी थरथरणाऱ्या फळ्या हे चोचले नव्हेत का? शिक्षक आधी हवा, याबद्दल दुमत नाही, आणि दोन्हींतून एकच निवडायची वेळ आली तर मी डोळे मिटून शिक्षक निवडीन. पण अंदाजपत्रकात ती निवड प्रत्यक्षात कधी समोर येत नाही. नाट्यगृहाच्या नूतनीकरणाचा पैसा शिक्षकाच्या पगाराला जात नसतो; तो खुर्च्यांना, रंगाला आणि वातानुकूलनाला जातो. त्या पैशातला लहानसा वाटा एका रांगेसाठी मागणे म्हणजे शिक्षकाच्या तोंडचा घास काढणे नव्हे.

दुसरा आक्षेप कर्णबधिरांपैकी काही विचारी माणसेच घेतात आणि तो ऐकणाऱ्यांना टोचणारा आहे. संगीत ही आम्हाला न लागलेली ओढ आहे, तुमची आवड आमच्यावर का लादता, असे ते विचारतात. हे मान्य केलेच पाहिजे. म्हणूनच मी रांग म्हणतो, सक्ती म्हणत नाही; आणि शाळेतल्या फळीवर ज्या मुलाला बसायचे नाही त्याने खुशाल मैदानात जावे. ज्याला बसायचे आहे त्याने मात्र डीजेच्या खोक्याला अंग लावून कानाखेरीज इतर अवयवांनाही इजा का करून घ्यावी?

कंपनाने अपाय होत नाही का, असेही विचारले जाते. होतो. वर्षानुवर्षे ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या कमरेला विचारून पाहावे. सबंध शरीराला बसणाऱ्या कंपनांचे मोजमाप कसे करावे यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि सार्वजनिक जागेत कंपक बसवताना त्याची मोजणी कंत्राटाच्या अटीतच घातली पाहिजे. पण ट्रॅक्टरच्या आसनातून दिवसभर बसणारे हादरे आणि दोन तासांच्या मैफलीतला डग्ग्याचा सौम्य थरथराट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

लाभार्थी किती, हा हिशेबी प्रश्नही येतो. 2011च्या जनगणनेत देशात सुमारे 50 लाख माणसांनी ऐकण्याची अक्षमता नोंदवली. त्यात वयामुळे ऐकू कमी येणारे, पण स्वतःला दिव्यांग न म्हणवणारे आजी-आजोबा बहुतेक धरलेलेच नाहीत. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतले ऐकू येईनासे होते. श्रवणयंत्रे बोलणे समजावे यासाठी बेतलेली असल्याने संगीत त्यांच्यातून चिरके आणि चपटे येते. अंतर्कर्णात बसवायच्या कॉक्लियर इम्प्लांटमधून लय चांगली कळते, स्वर मात्र फार ढोबळ येतो. जळगावात दर जानेवारीत होणाऱ्या बालगंधर्व संगीत महोत्सवाला कोणत्या वयाची माणसे गर्दी करतात ते एकदा पाहावे. कंपनाच्या रांगेत सर्वात आधी येऊन बसतील ती हीच, आणि त्यांच्याशेजारी कर्णबधिर शाळेतली मुले बसली तर त्यात वाईट काय?

कायद्याचा आधार शोधायला लांब जावे लागत नाही. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे 29वे कलम सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजन यांतल्या समान सहभागाविषयीच आहे, आणि त्याची जबाबदारी शासनाबरोबर स्थानिक प्राधिकरणांवरही टाकलेली आहे. महाराष्ट्रात महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नाचा 5 टक्के भाग दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवायचा असतो. तो खर्च बहुतेक वेळा साहित्यवाटपावर आणि थेट अनुदानावर होतो. ते बंद करावे असे मी म्हणत नाही. पण आपण प्रवेशयोग्यता म्हटले की उताराचा रस्ता आणि स्वच्छतागृह यांपाशी थांबतो. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस त्या उतारावरून नाट्यगृहात येतो आणि त्याला नाटक दिसते, ऐकू येते. कर्णबधिर माणूस पायऱ्या चढून सहज आत येतो, आणि आत त्याच्यासाठी काहीच नसते.

काय मागायचे ते नेमके सांगतो. जळगावचे छत्रपती संभाजी राजे नाट्यगृह असो वा धुळ्याचे राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर, पुढून चौथ्या-पाचव्या रांगेत दहा-बारा आसने, जिथून रंगमंचावरच्या वादकाचा हात स्पष्ट दिसेल. आसनांखाली पोकळ लाकडी पाट, कारण पाय हे या कामी पाठीहून शहाणे असतात. तबला-पखवाजाच्या मायक्रोफोनचा वेगळा फाटा थेट ध्वनिमिश्रकातून वायरने आलेला, म्हणजे गायकाचा आवाज, हार्मोनियम आणि टाळ्या यांचा काला होऊन नुसता गुरगुराट पोहोचणार नाही. आणि प्रत्येक आसनाच्या हाताशी बसणाऱ्याच्या ताब्यातले बटण, ज्याने तो कंपन कमी, जास्त किंवा पूर्ण बंद करू शकेल. शाळांसाठी याहून कमी पुरेल: वर्गातली एक जाड फळी, दोन कंपक, एक अ‍ॅम्प्लिफायर, आणि खरेदी समितीत वरच्या वर्गातले दोन विद्यार्थी.

वायरिंग मात्र खुर्च्या जमिनीत ठोकण्याआधी करावे लागते. एकदा फरशी बसली, गालिचा पडला आणि फीत कापली गेली की त्यानंतर हे काम म्हणजे सगळे पुन्हा उखडणे. मग कोणताही अभियंता 'पुढच्या नूतनीकरणात पाहू' म्हणेल, आणि आपल्याकडे दोन नूतनीकरणांत किती वर्षे जातात हे मोडक्या खुर्च्यांवर बसून नाटके पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.